पिण्यास योग्य

बसा रे सगळे. नऊची बाटली भरून झाली, आता बारापर्यंत हातावर हात ठेवून बसायचं. ती बॅटरी जरा खाली करा, डोळ्यांवर येते. ज्याला झोप येत असेल त्याने खुशाल झोपावं, पण मग मध्येच उठून ‘पुढे काय झालं’ असं विचारायचं नाही.

तर आपल्या प्रयोगशाळेत एक केमिस्ट होते. तुम्ही कुणी त्यांना पाहिलेलं नाही, तुमच्या आधीची गोष्ट. माणूस हाडाचा पाणीवाला. कुणाच्या घरी गेले आणि समोर पेला आला, की आधी उजेडाकडे धरून बघणार, मग वास घेणार, मग एक घोट तोंडात घोळवणार आणि म्हणणार, ‘क्षार जास्त आहेत, वहिनी.’ त्यांची बायको म्हणायची, “अहो, तुमच्यासोबत कुठे जायचं म्हणजे मेलं लाजेनं पाणी पाणी व्हायला होतं.” ते म्हणायचे, “होऊ दे. तपासून देईन.” मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली, तीन महिन्यांची नात घरात, आणि त्या नातीच्या दुधासाठी आजोबा दर रविवारी घरचं पाणी तपासणार. असा तो माणूस.

त्या वर्षी एका गावाबाहेरच्या तळ्यात मासे मेले. थोडेथोडके नाही, काठाला पांढरा पट्टा दिसावा इतके. वरून हुकूम आला, चोवीस तास बसून तळ्याचं पाणी बघा. आता रात्री का बसायचं, तर दिवसा पाण्यातलं शेवाळ प्राणवायू सोडतं आणि रात्री तेच तो ओढून घेतं. पहाटे पाणी सगळ्यात कंगाल. मासे मरतात ते पहाटेच. म्हणून संध्याकाळी सहा, मग नऊ, बारा, तीन आणि सकाळी सहा, असे पाच नमुने घ्यायचे ठरले.

त्या तळ्यावर केमिस्ट स्वतः आठ वर्षांत गेले नव्हते. पाळी आली की दुसऱ्याला पाठवायचे. कधी ताप, कधी पाठदुखी. या खेपेला दुसरा रजेवर, तिसऱ्याची बदली झालेली. जावं लागलं.

एकोणीस नोव्हेंबर. बुधवार. जीपमध्ये बर्फाची पेटी, बाटल्या, रसायनांचा डबा, आणि पुढे ड्रायव्हर. ड्रायव्हर कोण ते विचारू नका. होता एक.

तळ्याच्या काठावर पंपघर होतं. एक खोली, तिच्यात मोटार, भिंतीला टेकवलेलं लोखंडी टेबल, टेबलावर रंग उडालेली नोंदवही. बाहेर वीस पावलांवर जुनी विहीर, तिच्या तोंडावर जाळी ठोकलेली. पंप चालवणारा माणूस किल्ली घेऊन उभाच होता. चाळिशीचा, पण केस सगळे पांढरे. त्याने दार उघडलं, दिव्याचं बटण दाखवलं आणि म्हणाला,

“सहाला येतो सकाळी. पाणी सोडायचं असतं.”

“रात्री तुम्ही इथे नसता?” केमिस्टांनी विचारलं.

“नाही.”

“एकटं वाटतं का?”

तो विहिरीकडे बघत म्हणाला, “एकटं वाटत नाही, साहेब. म्हणूनच थांबत नाही.” आणि सायकल काढून गेला.

ड्रायव्हर हसला. केमिस्ट हसले नाहीत.

सहाचा नमुना छान आला. बाटलीत दोन रसायनं टाकली की तपकिरी साका बसतो, तो जितका गडद तितका पाण्यात प्राणवायू जास्त. सहाला साका तपकिरी होता. नऊला फिकट. डबे उघडून दोघं जेवले, आणि ड्रायव्हर जीपमध्ये पाय पसरून आडवा झाला. केमिस्ट टेबलाशी बसून आकडे मांडत होते. तेवढ्यात दारातून आवाज आला.

“साहेब, पाणी तपासणारे तुम्हीच ना?”

चोवीस-पंचवीस वर्षांची बाई. अंगावर शाल, हातात झाकणाचा स्टीलचा डबा. आता हे काही नवल नव्हतं. आपली गाडी दिसली की लोक पाणी घेऊन येतातच, तुम्हीही बघताच की.

“एवढं तपासून द्या. बाळाच्या दुधात घालायचंय.”

“केवढं आहे?”

“दोन महिन्यांचा. मला दूध पुरत नाही, म्हणून पावडरचं देते.”

केमिस्टांनी डबा घेतला. पाणी काचेसारखं स्वच्छ. वास नाही, गढूळपणा नाही. पण नायट्रेट डोळ्यांना दिसत नाही. शेतातलं खत, गोठ्यातलं पाणी जमिनीत मुरतं आणि विहिरीत उतरतं. मोठ्या माणसाला लगेच काही होत नाही. तान्ह्या मुलाचं रक्त मात्र त्याने प्राणवायू वाहायचं थांबवतं. मूल श्वास घेत असतं, आणि निळं पडत जातं.

त्यांनी नळीत पाणी घेतलं, पूड टाकली, हलवलं. पाच मिनिटं थांबले. लिटरला पंचेचाळीस मिलिग्रॅमपर्यंत चालतं, तेवढ्याच्या आत असेल तर नुसता गुलाबी रंग येतो. इथे नळी जांभळी झाली. त्यांनी पाणी दहापट पातळ करून पुन्हा केलं. तरी रंग तक्त्याच्या बाहेर.

“ताई, हे बाळाला अजिबात द्यायचं नाही. उकळूनही नाही. उकळलं की उलट वाढतं. कुठलं पाणी आहे हे?”

बाईच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

“चालेल ना? बरं झालं, बाई. जिवाला घोर होता.”

“चालेल नाही म्हणालो. चालणार नाही. ऐकलंत का?”

“हो हो. तुम्ही सांगितलंत, आता काळजी नाही.”

तिने डबा उचलला आणि अंधारात गेली. केमिस्ट हाका मारत दारापर्यंत आले. रस्त्यावर कुणी नव्हतं. कानानं अधू असेल बिचारी, असं त्यांना वाटलं. सकाळी पंपवाल्याला तिचं घर विचारायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

बाराला ते तळ्यावरून बाटली भरून आले, आणि ती दारात उभी होती.

“साहेब, पाणी तपासणारे तुम्हीच ना?”

तेच शब्द. तोच सूर. जणू पहिल्यांदाच भेटते आहे.

“ताई, मघाशी आला होतात ना तुम्ही?”

“एवढं तपासून द्या. बाळाच्या दुधात घालायचंय.”

केमिस्टांनी डब्याकडे पाहिलं, तोच डबा. तरी त्यांनी तपासलं. हाताला सवय असते, ती माणसाच्या आधी काम करते. नळी जांभळी. या वेळी ते बोलले नाहीत. नोंदवहीतला कोरा कागद फाडला, ठळक अक्षरांत लिहिलं, ‘पिण्यास अयोग्य. बाळाला देऊ नये’, आणि तिच्या हातात दिला.

“वाचता येतं ना?”

“येतं की.” तिने कागद दिव्याकडे धरला. शाळेतल्या मुलीसारखं बोट फिरवत वाचलं. “पिण्यास... योग्य.”

“नीट वाचा.”

“पिण्यास योग्य,” ती पुन्हा म्हणाली. “असाच कागद टाकीवर पण चिकटवलाय, साहेब. खाली तुमचीच तर सही आहे.”

केमिस्ट खुर्चीत बसले.

आता ते आठ वर्षांपूर्वीचं सांगायला हवं. त्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेत नायट्रेट तपासायचं रसायन संपलं होतं. मागणी पाठवून दोन महिने झाले तरी आलं नव्हतं. चाळीस गावांचे नमुने पडून, आणि वरून रोज फोन, रिपोर्ट कुठे आहेत. केमिस्टांनी काय केलं, तर आदल्या हंगामाचे आकडे उचलले आणि भरले. या विहिरीचा आकडा होता अठ्ठावीस. खाली लिहिलं, पिण्यास योग्य. सही केली. सगळेच करतात, असं मनाला सांगितलं.

पंधरा दिवसांनी रसायन आलं. त्यांना राहवलं नाही, म्हणून या विहिरीचं पाणी मागवून गुपचूप तपासलं. एकशे नव्वद. तेव्हा एक दुरुस्तीचं पत्र पाठवलं असतं तर झालं असतं. पण पत्र पाठवायचं म्हणजे पहिला आकडा कुठून आणला ते सांगायला हवं. आज पाठवू, उद्या पाठवू, असं करत महिना गेला. मग दवाखान्यातली नर्स काही कामानं प्रयोगशाळेत आली होती, ती बोलता बोलता म्हणाली, त्या तळ्याकडच्या गावात एक तान्हं मूल गेलं. निळं पडलं होतं म्हणे. डॉक्टरांनी न्यूमोनिया लिहिलंय.

केमिस्ट ‘अरेरे’ म्हणाले. आणि ते पत्र त्यांनी कधीच पाठवलं नाही.

मान वर केली तेव्हा बाई दारात नव्हती. ते जीपकडे धावले. ड्रायव्हरला उठवायला काचेवर हात नेला, आणि मागे घेतला. काय सांगणार होते? एकाला सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

परत येऊन बसले. दार लावलं. कडी घातली. घड्याळात एक. मग दीड. मोटार बंद, तरी खोलीत कुठेतरी पाणी ठिबकत होतं. त्यांनी शोधलं. सापडलं नाही.

दोन.

अडीच.

तीनची बाटली भरायला हवी होती. उठले. कडी काढली. बाहेर चंद्र नाही. तळं म्हणजे नुसता काळोख. त्यांनी दोरी सोडली, बाटली भरली, वर घेतली. तिथेच उकिडवं बसून रसायनं टाकली. साका बसला.

पांढरा.

पाण्यात प्राणवायूचा कणही नव्हता.

“साहेब...”

मागेच. अगदी मागे.

ते वळले नाहीत.

“पाणी तपासणारे तुम्हीच ना?”

“नाही,” ते म्हणाले. “मी तपासलंच नव्हतं, ताई.”

त्यांनी बाटली खाली ठेवली.

“रसायन नव्हतं. जुना आकडा लिहिला मी. पुढे कळलं. तरी गप्प बसलो. ऐकताय ना? ते पाणी विष होतं. तुमच्याकडून काहीच...” त्यांनी हात जोडले. “तुमची काही चूक नव्हती. माझी होती. देऊ नका त्याला. पाया पडतो. देऊ नका...”

वारा नाही. पाणी हलत नव्हतं.

त्यांना वाटलं, ऐकलं.

“आता रडत नाही तो,” ती हळूच म्हणाली. “शहाणा झालाय. निजलाय. ओठ जरा निळे दिसतात... थंडीनं असेल.”

“ताई...”

“एवढं तपासून द्या.”

मग मात्र ते ओरडायला लागले. नाही, नाही, नाही चालणार. ड्रायव्हर त्या आवाजानं जागा झाला. त्याने जीपमधून पाहिलं. केमिस्ट काठावर गुडघ्यांवर बसलेले, दोन्ही हात जोडलेले, समोर कुणी नाही. नुसती जाळी मारलेली विहीर. तो धावत गेला, खांद्याला धरून उठवलं. केमिस्ट एकच वाक्य बोलत होते.

“चालेल ना म्हणते... अजून चालेल ना म्हणते...”

सहाची बाटली ड्रायव्हरने भरली, तेवढ्यात पंपवाला आला. सायकल भिंतीला लावली. केमिस्ट पायरीवर बसले होते, रात्रभर याचं ‘एकटं वाटत नाही’ डोक्यात घोळवत. त्यांनी विचारलं,

“तुमची बायको कुठे असते?”

पंपवाल्याने किल्ली खिशातून काढली. “दिसली का?”

केमिस्टांनी विहिरीकडे बोट केलं.

“सात वर्षं झाली,” पंपवाला म्हणाला. “बाळ गेल्यावर वर्षभरानं. याच विहिरीत. मग जाळी मारली, मोटारीचा पाइप तळ्यात सोडला. ती पडली म्हणून बंद केली विहीर, पाणी वाईट आहे असं कुणी म्हणालं नाही कधी.”

तेव्हा केमिस्टांनी त्याला सगळं सांगितलं. उभं राहून सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांना वाटलं असेल, हा मारेल, शिव्या देईल, निदान थुंकेल. मनावरचं ओझं थोडं तरी उतरेल. पंपवाला ऐकत राहिला. ऐकता ऐकता खाली बसला.

“लोक तिला विचारायचे,” तो म्हणाला, “दुधात काय घातलंस, बाटली धुतली होतीस का. ती म्हणायची, पाणी तर चांगलं होतं, कागद आहे. रोज म्हणायची. झोपेत पण म्हणायची.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “एके रात्री मी बोललो तिला. म्हणालो, पाणी चांगलं होतं, तर मग तुझ्याच हातात विष असणार. त्याच रात्री ती गेली.”

“मला माफ...”

“हे मला सांगायला नको होतं तुम्ही, साहेब.” आवाज चढलेला नव्हता. “सात वर्षं मला वाटत होतं, चूक तिचीच होती. त्यावर जगत होतो मी. आता हे घेऊन कुठे जाऊ?”

थोड्या वेळाने तो उठला. आत गेला. मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. गावाची पाण्याची वेळ झाली होती.

केमिस्टांनी ऑफिसात लेखी कबुली दिली. मोठ्या साहेबांनी वाचली, चष्मा काढला, म्हणाले, “दोन वर्षं राहिलीत तुमची. डॉक्टरांनी न्यूमोनिया लिहिलंय, तुम्ही कशाला उकरून काढताय?” कागद खणात गेला. चौकशी नाही, शिक्षा नाही, काही नाही. त्यांना शिक्षा झाली असती ना, तर बरं झालं असतं. पंपवाला पुढच्या महिन्यात नोकरी सोडून गेला. कुठे गेला, ठाऊक नाही.

घरी नात रांगायला लागली, तिच्याकडे ते बघायचे नाहीत. एकदा तिला उचक्या लागल्या, मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली, “बाबा, दोन चमचे पाणी पाजा ना तिला.” चमचा हातात धरून ते तसेच उभे राहिले. शेवटी बायकोने तो हातातून काढून घेतला. विनोद करणारा नवरा कुठे गेला, हे तिने कधी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

दर वर्षी एकोणीस नोव्हेंबरला मात्र ते तळ्यावर जायचे. रिटायर झाले तरी. ड्रायव्हर सोडायला जायचा, सकाळी आणायला जायचा. येताना दर वेळी विचारायचा, “साहेब, ऐकलं का तिनं?” ते काचेतून बाहेर बघत मान हलवायचे. नाही.

चार वर्षं ते असे जात राहिले. पाचव्या वर्षी ऑगस्टमध्येच वारले. शेवटच्या दिवशी तोंडात पाणी घालायला बायको चमचा घेऊन आली, तर त्यांनी दात घट्ट मिटून घेतले. तसेच गेले. कोरड्या तोंडानं.

आता एकच सांगायचं राहिलं. त्या पहिल्या सकाळी जीप प्रयोगशाळेत आली, तेव्हा ड्रायव्हरने बर्फाची पेटी उघडली. नमुने पाच होते. बाटल्या सहा निघाल्या. सहावीवर चिठ्ठी नव्हती. बूच घट्ट. बाकीच्या पाच बाटल्या बोटं बधिर होतील इतक्या गार. ही कोमट. त्याने केमिस्टांना दाखवली. त्यांनी पाहिली, आणि खुर्ची ओढून तिच्याकडे पाठ करून बसले. ड्रायव्हरनेच बाहेरून थर्मामीटर लावला. सदतीस, जिवंत माणसाच्या अंगाइतका. म्हटलं, राहील रात्रभर फ्रिजमध्ये तर होईल गार. सकाळी पुन्हा लावला.

सदतीस.

ती बाटली अजून आपल्या मोठ्या फ्रिजमध्ये आहे, सगळ्यात खालच्या कप्प्यात, मागे. मागच्या सोमवारी लावला होता थर्मामीटर... सदतीस. तिच्यात काय आहे, ते आजवर कुणी तपासलेलं नाही.